कापणीतला वाटा: जावाच्या गावाचा हिशेब

इंडोनेशियाचं जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींवर माणसं मोजली गेली. दोनशे वर्षांपूर्वी, १८१५ मध्ये, ब्रिटिश प्रशासक रॅफल्सच्या काळात झालेल्या गणतीत हाच आकडा पन्नास लाखांच्या आत होता. ती गणती कच्ची होती असं धरलं, तरी वाढ थक्क करणारी आहे. जमीन तेवढीच राहिली आणि खाणारी तोंडं वाढत गेली. अशा ठिकाणी शेतीवर जगणारं गाव टिकलं कसं?

पहिलं उत्तर ज्वालामुखी देतात. मेरापीसारख्या पर्वतांची राख शिवारात मुरते, डोंगरातून बारमाही ओढे उतरतात आणि पाण्याची सोय असेल तिथे भाताचं खाचर, म्हणजे तिथला ‘सावाह’, वर्षात दोनदा, कधी तीनदा पिकतं. पण कसदार माती भात पिकवते. तो कोणाच्या ताटात किती पडायचा, हे गाव ठरवतं. जावाच्या गावाचं खरं कर्तृत्व या वाटणीत आहे.

योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला बांतुल जिल्ह्यात, माताराम राजांच्या समाधींसाठी प्रसिद्ध असलेल्या इमोगिरीजवळ, श्रीहार्जो नावाचं गाव आहे. मास्री सिंगारिम्बुन आणि डेव्हिड पेनी या अभ्यासकांनी या गावाचा जमाखर्च मांडला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष कठोर होता: बहुतेक कुटुंबांकडची भातजमीन त्यांच्या पोटाला पुरणारी नव्हती. उरलेलं पोट दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर, किरकोळ व्यापारावर आणि परसावर भरायचं.

परसाला तिथे ‘पकारांगान’ म्हणतात. लांबून पाहिलं तर गाव दिसतच नाही, खाचरांच्या मधोमध झाडांचं एक बेट दिसतं. वर नारळ, त्याखाली फणस आणि आंबा, मग केळी, त्याखाली कसावा, मिरची, आलं, हळद. मध्ये कोंबड्यांचं खुराडं आणि जमलं तर माशांचं डबकं. बांतुलकडे मेलिंजोची झाडंही पुष्कळ. त्यांच्या बिया भाजून ठेचतात, वाळवतात आणि तळून कुरकुरीत पापडासारख्या खातात. भात घरात आलं की धान्याची बेगमी होते, पण रोजचं मीठमिरचीचं भागतं ते परसावर. दक्षिण जावात गरीब घरातला माणूस सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस उतरवतो आणि घरची बाई तो चुलीवर आटवून गूळ करते. या गुळात मिळकत थोडी, आणि झाडावरून पडण्याची भीती रोजची.

वाटणीची खरी जागा मात्र कापणी. जुन्या काळी ती आनी-आनीनं व्हायची. आनी-आनी म्हणजे मुठीत मावणारं छोटं पातं. बायका ते बोटांत धरून एकेक लोंबी खुडत. भाताची देवता देवी श्री हिला मोठ्या पात्याची दहशत वाटू नये, अशी त्यामागे श्रद्धा. व्यवहाराचं कारणही होतं: उंच वाढणारी जुनी भातं मागेपुढे पिकत, त्यामुळे तयार लोंबी निवडून घ्यावी लागे. या कामाला हात पुष्कळ लागत आणि येत ते त्याहूनही पुष्कळ. कापणाऱ्याला मिळणाऱ्या हिश्शाला ‘बावोन’ म्हणत. नातलगाला आणि जवळच्या शेजाऱ्याला मोठा, परक्याला लहान. आलेल्या शेजारणीला परत पाठवणं मालकाला शोभत नसे. जिच्या नावावर वीतभर जमीन नाही, अशा बाईच्या घरातही नवं भात येई ते या वाटेनं.

मग नवं बियाणं आलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ मध्ये आयआर-८ हा वाण प्रसारित केला. त्याच्या दोन पालकांपैकी एक इंडोनेशियाचाच ‘पेता’, आणि पेताच्या वंशात बंगालचं ‘लाटीसाल’. बुटकं, लवकर येणारं, खताला भरघोस प्रतिसाद देणारं हे भात एकदम पिकतं आणि दाणे सहज गळतात. त्याला विळा सोयीचा. विळ्यानं कापायला मोजकी माणसं पुरतात. उभं पीक विकत घेणारे व्यापारी पुढे आले. ते स्वतःची टोळी आणत, रोख मजुरी देत, आणि शेजारणीला ‘नाही’ म्हणण्याचा संकोच त्यांना नव्हता. या पद्धतीला ‘तेबासान’ म्हणतात. अभ्यासक विल्यम कॉलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या बदलाची नोंद केली. त्याच सुमारास गावोगाव भातगिरण्या आल्या आणि उखळ-मुसळावर कांडप करून तांदूळ मिळवणाऱ्या बायांचं काम गेलं. कांडपाचे कष्ट गेले हे चांगलंच झालं. पण कष्टांबरोबर त्यांची मिळकतही गेली, आणि तिची भरपाई कोणी केली नाही. हरितक्रांतीच्या यशोगाथेत हे पान सहसा गाळलं जातं.

यश खोटं नव्हतं. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण त्याआधी आणि नंतरही तुडतुड्यांनी हाहाकार माजवला होता. सरकारी अनुदानामुळे स्वस्त झालेली कीटकनाशकं बेसुमार फवारली गेली. तुडतुडे खाणारे कोळी आधी मेले आणि तुडतुडे फोफावले. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. १९८९ पासून शेतकरी दर आठवड्याला बांधावर जमू लागले, रोपं निरखू लागले, कीड कोणती आणि मित्रकीटक कोणते हे मोठ्या कागदावर चितारून फवारणीचा निर्णय स्वतः घेऊ लागले. महाराष्ट्राचा कृषी विभाग आज ज्या शेतीशाळा भरवतो, त्या याच पद्धतीच्या.

श्रोतेहो, शेताबाहेरची वाटणीही पाहण्याजोगी आहे. गावात रात्रीची गस्त असते. घरोघरी दारात एक छोटी वाटी किंवा डबा टांगलेला असतो आणि त्यात चिमूटभर तांदूळ, हल्ली बहुधा नाणं, ठेवलेलं असतं. गस्तवाले फिरता फिरता ते गोळा करतात. हे ‘जिंपितान’ वस्तीच्या सामायिक कामाला येतं. जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी ‘स्लामतान’ होतं. शेजारी गोल बसतात, दुवा मागितली जाते, थोडं खाल्लं जातं आणि बाकीचं बांधून घरी नेलं जातं. मृत्यूनंतर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि शेवटी हजाराव्या दिवशी शेजार असा पुन्हा पुन्हा बोलावला जातो. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी पूर्व जावात राहून स्लामतानला जावाच्या धर्मजीवनाचं केंद्र मानलं.

या एकोप्याचं भाबडं कौतुक करण्यात अर्थ नाही. १८३० नंतर डच सरकारनं गावाच्या जमिनीवर निर्यातीसाठी ऊस आणि नीळ सक्तीनं लावून घेतली, तेव्हा राबवायला गावाची ही घडीच कामी आली. पुढे राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीतही ‘गोतोंग रोयोंग’, म्हणजे परस्पर साहाय्य, या नावाखाली फुकट श्रम घेतले गेले. शेजाऱ्यानं मागितलेला हात वेगळा आणि सरकारनं मागितलेला वेगळा. पहिल्याची परतफेड होते.

२७ मे २००६ च्या पहाटे बांतुलला भूकंप झाला. योग्याकार्ता आणि शेजारच्या मध्य जावात मिळून ५,७०० हून अधिक माणसं गेली. विटांची, लोखंडी आधार नसलेली घरं कोसळली. पुनर्बांधणीचा पैसा मोठ्या कंत्राटदारांऐवजी शेजाऱ्यांच्या गटांना दिला गेला. गटानं मिळून कोणाचं घर आधी उभं करायचं ते ठरवलं, आणि दोनेक वर्षांत लाखो घरं उभी राहिली.

आता तरुण शहरात किंवा हाँगकाँग-तैवानला कामाला जातात, खाचरात उतरतात ते वयस्क. काही ठिकाणी कापणी-मळणी एकत्र करणारी यंत्रं आली आहेत. त्यांच्या मागून सरवा वेचणारे अजून येतात, पण यंत्र जितकं चांगलं तितका सरवा कमी. २०१४ च्या ग्राम कायद्यानं मात्र गावाच्या हाती थेट निधी दिला. रस्ता आणि पाट बांधायचे तर यंत्र लावायचं की गावातल्या भूमिहीनांना मजुरी द्यायची, हा निर्णय ग्रामसभेत होऊ शकतो. ज्या घरातून एके काळी बाई आनी-आनी घेऊन निघत असे, त्या घराचा माणूस त्या सभेत बोलतो का, आणि त्याचं ऐकलं जातं का, हे आज तिथल्या प्रत्येक गावात पाहायला हवं.