आधी खोली, मग मायक्रोफोन

गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचा जन्म १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. त्यांच्या संगीतशिक्षणाचा पाया बडोद्यास घातला गेला आणि पुढे ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या त्यांच्या कंठात एकत्र आली. १९२२ साली ते निवर्तले. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांवरून आजही ऐकावयास मिळते. बुवांचा स्वर मात्र कोणासही ऐकता येत नाही, कारण त्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याविषयीही हेच म्हणावे लागते. ते १९४६ साली वारले. भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन तोवर ४४ वर्षे लोटली होती. तरीही त्यांच्या गायकीची साक्ष शिष्यांच्या गळ्यांतूनच घ्यावी लागते.

त्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र कंपन्यांच्या हाती होते. आज ते कोणत्याही मध्यम स्थितीच्या कुटुंबाला घेता येते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांतून, तसेच बेळगावच्या व गोव्याच्या घरांतून, जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, घरची म्हणून चालत आलेली आरतीची चाल किंवा आजोबांनी गुरूकडून घेतलेली एखादी बंदिश अजून जिवंत आहे. ती बहुधा एखाद्याच वृद्ध कंठात शिल्लक असते. असा कंठ उद्या मिटला तर दोष कोणा कंपनीला देता येणार नाही. म्हणूनच घरच्या ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन कोणता घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका हौसेचा नाही.

या कामासाठी कंडेन्सर मायक्रोफोनचे नाव प्रथम घेतले जाते. त्याची जन्मकथा १९१६ सालापर्यंत मागे जाते. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे एडवर्ड वेंट यांनी तो त्या वर्षी सिद्ध केला. १९२८ साली बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमन यांनी त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू केले. १९६२ साली गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कायम विद्युत्भार धरून ठेवणारा पातळ पडदा वापरून या यंत्राचा स्वस्त प्रकार शोधून काढला. सामान्य माणसाच्या घरात कंडेन्सर शिरला तो या शोधाच्या वाटेने.

त्याची रचना समजावयास कठीण नाही. एका स्थिर धातूच्या चकतीसमोर, अगदी थोडे अंतर ठेवून, सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी काही मायक्रॉन एवढीच, म्हणजे माणसाच्या केसाच्या दशांशाहूनही कमी असते. चकती आणि पडदा यांच्यामध्ये विद्युत्भार असतो. ध्वनीच्या लहरींनी पडदा हलला की दोहोंमधील अंतर बदलते आणि त्या बदलाचा विद्युत्संदेश बनतो. सभासमारंभांत वापरल्या जाणाऱ्या डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते. ते ओझे वागवीत त्याला हलावे लागते. कंडेन्सरचा पडदा निर्भार असल्यामुळे मींडेतला सूक्ष्म हेलकावा, स्वर सोडतानाचा निःश्वास, ओवीच्या शेवटी आवाजाला आलेला कंप हे सारे तो टिपतो. जे जतन करावयाचे ते नेमके यातच असते.

परंतु या गुणाची दुसरी बाजूही आहे. पुष्कळदा असे होते की, घरातला उत्साही तरुण बरेच पैसे खर्चून उत्तम मायक्रोफोन आणतो, आजीला दिवाणखान्यात बसवितो, गाणे मुद्रित करतो, आणि ऐकून पाहतो तो आजीचा आवाज विहिरीतून यावा तसा! पाठीमागे पंख्याची घरघर, शीतकपाटाचा गुणगुणाट आणि रस्त्यावरच्या रिक्षांचा कलकलाट. मग यंत्राला बोल लावला जातो.

कंडेन्सर खोलीचा आवाज फार घेतो, ही समजूत सर्वत्र आहे. तिच्यात अर्धेच तथ्य आहे. खोलीचा आवाज किती यावा हे मुख्यतः गाणारा आणि मायक्रोफोन यांमधील अंतरावर अवलंबून असते. ते अंतर दुप्पट केले की तोंडातून थेट येणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. डायनॅमिक मायक्रोफोन ओठांशी धरण्याची रीत आहे, तर कंडेन्सर वीतभर किंवा त्याहून दूर ठेवतात. शिवाय तो वरच्या पट्टीतले बारकावेही सोडीत नाही. त्यामुळे खोलीचे व्यंग त्यात उघडे पडते. म्हणून मायक्रोफोनची निवड दुकानात सुरू होत नाही. ती घरातच सुरू होते.

निवडीची पहिली पायरी म्हणजे खोली ऐकणे. रात्री घर निजल्यावर खोलीत उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आले तर ती खोली गाण्यास अयोग्य, असे समजावे. नंतर खिशातल्या दूरध्वनीवरच मिनिटभर नुसती शांतता मुद्रित करून कानाला यंत्र लावून ऐकावी. दिवसा ज्याची दखलही घेतली जात नाही असे कितीतरी आवाज तीत सापडतात. बहुधा उघड्या भिंतींचा व फरशीचा दिवाणखाना नापास होतो, आणि गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेले कपाट असलेली आतली निजण्याची खोली उत्तीर्ण होते. मायक्रोफोनचे तोंड गाणाऱ्याकडे असते, म्हणजे तो गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंतही पाहत असतो. त्यामुळे जाड गोधडी टांगावयाची ती गाणाऱ्याच्या मागे. पंखा बंद करावा, शीतकपाट अर्धा तास थांबवावे. एवढ्याने जो लाभ होतो, तो दुप्पट किमतीचा मायक्रोफोन घेऊनही होत नाही.

एवढे करूनही खोली शांत होत नसेल, घर भर बाजारपेठेत असेल आणि रात्रीही रहदारी थांबत नसेल, तर कंडेन्सरचा हट्ट सोडावा. अशा घरी चांगला डायनॅमिक मायक्रोफोन ओठांपासून चार बोटांवर ठेवून केलेले मुद्रण अधिक स्वच्छ येते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

खोली मिळाली म्हणजे मग यंत्राचे गुणधर्म पाहावेत. पहिला गुण ग्रहणाच्या दिशेचा. काही मायक्रोफोन चोहोबाजूंचे ऐकतात, काही पुढचे व मागचे, तर काही मुख्यतः समोरचे. या तिसऱ्या प्रकाराच्या ग्रहणाची आकृती हृदयासारखी असल्यामुळे त्याला कार्डिऑइड म्हणतात. एका गायकासाठी घरी हाच सोयीचा, कारण त्याची पाठ खिडकीकडे केली की बाहेरचा आवाज पुष्कळ कमी होतो. मात्र अशा मायक्रोफोनच्या फार निकट गेल्यास खालचे स्वर फुगतात. खर्जाचा आवाज त्यामुळे घोगरा होतो. उलट वार्धक्याने पातळ झालेल्या आवाजाला थोडे जवळ बसविल्यास भरीवपणा येतो.

दुसरा गुण यंत्राच्या स्वतःच्या सरसरीचा. प्रत्येक कंडेन्सरमधून अत्यल्प असा सूं आवाज येतच असतो, आणि त्याचा आकडा माहितीपत्रकात डेसिबलमध्ये दिलेला असतो. तो जितका लहान तितका चांगला. काही यंत्रांचा आकडा ५ इतका खाली असतो आणि जाहिरातीत त्याचा मोठा डंका पिटला जातो. परंतु रात्रीच्या शांत खोलीतही सुमारे ३० डेसिबलचा आवाज असतोच. तेव्हा १० आणि ५ यांतील फरकासाठी जादा पैसे मोजणे घरगुती कामात व्यर्थ होय. आकडा १५ च्या आत असला म्हणजे पुरे. २० च्या वर गेल्यास मात्र वृद्ध, हलक्या आवाजाच्या मुद्रणात सरसर जाणवू लागते.

तिसरा गुण पडद्याच्या आकाराचा. सुमारे २५ मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या पडद्याची सरसर सामान्यतः कमी असते, आणि एका कंठासाठी तोच बहुधा निवडला जातो. लहान पडद्याचा मायक्रोफोन बाजूने येणारे आवाजही अधिक सारखेपणाने घेतो. दोघी बहिणी मिळून मंगळागौरीची गाणी म्हणणार असतील किंवा गायकाशेजारी तानपुरा असेल, तर लहान पडद्याचा विचार अवश्य करावा.

चौथा गुण सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आकड्यांत मावत नाही. तो म्हणजे यंत्राचा स्वभाव. पुष्कळ स्वस्त कंडेन्सरांत वरच्या कंपनसंख्या मुद्दाम उठावदार केलेल्या असतात. दुकानात पहिल्यांदा ऐकताना तो आवाज चकचकीत आणि आकर्षक वाटतो. पण मराठीत स, श, च, छ या वर्णांची रेलचेल आहे, आणि त्यांचा सीत्कार नेमका त्याच पट्ट्यात येतो. त्यात कवळीतून उमटणाऱ्या सकाराची शीळ मिसळली की दहा मिनिटांत ऐकणाऱ्याचे कान दुखू लागतात. त्यामुळे वृद्ध स्त्रीच्या उंच आवाजासाठी शांत, मवाळ स्वभावाचे यंत्र निवडावे. भारदस्त, अंधुक आवाजाला थोडी चमक खपते. मायक्रोफोन अगदी तोंडासमोर न ठेवता किंचित तिरपा ठेवला तर सीत्कार कमी होतो, आणि मध्ये जाळीदार कापडाचा पडदा लावला तर फ, भ, प यांच्या फुंकरीचे धक्के थांबतात.

हा स्वभाव ओळखावयाचा कसा? दोन मायक्रोफोन एखाद्या दिवसापुरते उसने मिळाले तर ज्या कंठासाठी यंत्र घ्यावयाचे, त्याच कंठातून, त्याच खोलीत, तेच गाणे दोहोंवर मुद्रित करावे. ऐकताना दोन्हींची आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण जो मोठा ऐकू येतो तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. कोणते मुद्रण कोणत्या यंत्राचे हे ऐकणाऱ्यास सांगू नये. किमतीचा प्रभाव त्यामुळे आपोआप गळून पडतो.

आता जोडणीचा प्रश्न. कंडेन्सरला वीज लागते, आणि ती बहुधा ४८ व्होल्टची असते. या आकड्याची कथा मनोरंजक आहे. १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीला नवे मायक्रोफोन हवे होते. त्यांच्या स्टुडिओत दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळविलेली होती, म्हणून नॉयमन कंपनीने तीच वापरण्याची योजना केली. पुढे तो जगाचा प्रघात झाला. ही वीज पुरविणारी व संदेश संगणकात नेणारी एक पेटी वेगळी घ्यावी लागते. ज्यांना एकाच कंठाचे मुद्रण करावयाचे आहे त्यांच्यासाठी एकाच यूएसबी तारेने संगणकाला जोडला जाणारा कंडेन्सर पुरतो. गायक आणि पेटीवादक यांना निरनिराळे मायक्रोफोन द्यावयाचे असतील तर मात्र दोन तोंडांची ती पेटी घेणेच इष्ट.

गोवा, कोकण आणि बेळगाव या पावसाळी मुलखांतील लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओलावा हा कंडेन्सरचा वैरी आहे. दमट हवेत विद्युत्भार झिरपतो आणि आवाजात तडतड सुरू होते. काम संपताच यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. देवघरात आरती मुद्रित करताना उदबत्ती व धूप दूर असावेत. धुराची काजळी पडद्यावर बसली की ती सहसा निघत नाही.

मुद्रण करताना पातळी बेताची ठेवावी. तार सप्तकात आवाज एकदम चढतो, आणि एकदा फाटलेला स्वर पुन्हा सांधता येत नाही. मूळ मुद्रण न आकसता जपावे आणि त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी असाव्यात.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनत, आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गाण्याच्या अखेरीस गौहरजान स्वतःचे नाव उच्चारीत. घरच्या मुद्रणातही हा शिरस्ता पाळावयास हवा. गाणाऱ्याने आपले नाव, गाव, दिवस आणि ते गाणे कोणाकडून आले हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्या पणतीला ते चार शब्द गाण्याइतकेच मोलाचे वाटतील.

शेवटी, निवड चिकित्सेने करावी. पण चिकित्सेत वर्ष घालवू नये. सर्वोत्तम मायक्रोफोन पुढच्या दिवाळीला घेऊ असे म्हणता म्हणता गाणारा कंठच राहत नाही. गोधडी टांगलेल्या शांत खोलीत साध्याशा मायक्रोफोनवर या आठवड्यात केलेले मुद्रण पुढच्या पिढीच्या हाती काहीतरी ठेवते. भास्करबुवांच्या एका तानेचे असे साधे मुद्रण आज कोठे सापडले, तर ते कोणत्या मायक्रोफोनवर केले होते हे कोण विचारीत बसेल?