वाडी, वसाहत आणि धर्म

कोकणातलं अलोरे म्हटलं की कोयना प्रकल्पाची वसाहत आठवते. कामाच्या निमित्तानं कुठकुठली माणसं इथं आली. सरकारी वसाहतीत खोली मिळते ती हुद्द्यावर. शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं. कुंपणाबाहेर मात्र जुनं कोकण आहे. कुणबीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला. पत्ता सांगितला की जात कळली.

या वाड्यांमधली भांडणं धर्माची असतात का? असतातही. पण खणत गेलं की बहुधा जमीन लागते. इथं खोती होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताची सत्ता. खोत कुठं ब्राह्मण, कुठं मराठा, कुठं मुसलमान. राबणारा बहुतेक कुणबी, नाहीतर महार. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. त्यात कुळाची जात विचारलेली नव्हती. पुढे ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं कसणारा मालक ठरला. सहा महिन्यांत दोन्ही! जोहार घालणारे ताठ उभे राहिले. मग ज्यांचा मान गेला, त्यांना धर्म आठवला.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई हे सगळं जवळून पाहत होते. १९६५ची त्यांची ‘इंधन’ कादंबरी अशाच एका कोकणी गावाची आहे. मुसलमान जमीनदार, कुळवाडी, बौद्ध, कुणालाही त्यांनी सोवळ्यात ठेवलं नाही.

पण जमिनीकडे बोट दाखवून धर्माची सुटका होत नाही, हेही दलवाईंनीच दाखवलं. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकाविरुद्ध त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मोर्चात मुसलमान बायका किती? सात. तिथं सातबाऱ्याचा वाद नव्हता. धर्माच्या नावानं बाईच्या संसारावर हक्क सांगितला जात होता. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. तोंडी तलाकाविरुद्ध कायदा व्हायला मात्र २०१९ उजाडलं.

आज दलवाईंचं नाव घेऊन मुसलमानांना झोडपणारे पुष्कळ भेटतात. दलवाईंनी हिंदू जातीयवादावर काय लिहिलंय, ते ही मंडळी वाचत नाहीत. सोयीचं नसतं ना!

तेव्हा निवडणुकीत कुणी तुमच्या वाडीत येऊन धर्म धोक्यात आहे म्हणाला, तर त्याला बसायला पाट द्या, चहा द्या, आणि नळाला पाणी कधी येणार ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू देऊ नका.