फॉरमॅट मारण्याआधी हिशेब वाचवा



आम्ही पाच जणी आमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयातला कॉम्प्युटर सांभाळतो. बचतगटांचे हिशेब, कर्जाचे हप्ते, बैठकांचे ठराव, सगळं त्यातच. म्हणून आजचा प्रश्न आमच्याही घरचाच आहे. बऱ्याच गावांतून विचारणा झाली की, "कॉम्प्युटर फार हळू चालतो. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू. पण टाकायला बसलं की मध्येच अडकतं. मग करायचं काय?"

हा प्रश्न आत्ताच इतका का येतोय, त्याला कारण आहे. विंडोज १० ला मिळणारी मायक्रोसॉफ्टची नेहमीची मोफत सुरक्षा मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर काहीतरी नवं टाकायची घाई सगळीकडे सुरू आहे. आणि जुन्या मशीनची खरी दुखणी अशाच वेळी बाहेर पडतात.

आधी मुद्द्याची गोष्ट सांगतो. नवीन विंडोज टाकताना काम वारंवार अडकत असेल, तर पुन्हा पुन्हा टाकून बघू नका. थांबा. आतली हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असू शकते. जितक्या वेळा तिला राबवाल, तितकी आतली माहिती परत मिळायची आशा कमी होते. विंडोज काय, पुन्हा मिळतं. गटाचा हिशेब कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

आता ही हार्ड डिस्क म्हणजे काय, ते बघू. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावर एक बारीक दांडी फिरते आणि तिच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड असतं. हेड आणि तबकडी यांच्यातली फट आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. एवढ्या नाजूक जागी चालू असताना धक्का बसला, वीज सारखी ये-जा करत राहिली, किंवा नुसतं वय झालं, तरी तबकडीवरचे काही कप्पे खराब होतात. या कप्प्यांना सेक्टर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, काल चालणारा कॉम्प्युटर विंडोज टाकतानाच का अडकला? शेतात रोजच्या पायवाटेनं गेलं तर दगड लागत नाहीत. सगळं रान नांगरायला काढलं की फाळाला दगड लागतात. तसंच हे. रोजच्या कामात डिस्कच्या ठरावीक जागाच वापरल्या जातात. विंडोज टाकताना मात्र हजारो फायली एका दमात नव्या नव्या जागी लिहिल्या जातात आणि पुन्हा वाचल्या जातात. खराब कप्पा आला की मशीन तिथेच अडून बसतं.

आणि फॉरमॅट मारल्यानं डिस्क बरी होत नाही. झटपट फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडून नवी लावणं. कपाटाला रंग दिला म्हणून आतली वाळवी जाते का?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयातल्या मशीनचं असंच झालं. विंडोज टाकताना काम एकदा निम्म्यावर थांबलं, दुसऱ्यांदा त्याच्या जरा पुढे. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "सगळी पार्टिशन उडवतो, डिस्क कोरी करतो, मग जाईल." आमची लेखापाल ताई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "दादा, डी मध्ये अडतीस गटांचं कर्जखातं आहे. आधी ते मला दुसरीकडे काढून दे, मग काय उडवायचं ते उडव."

हे सी आणि डी काय ते समजून घ्या. एकाच घरात स्वयंपाकघर आणि माजघर असतं, तसे एकाच डिस्कचे हे दोन भाग. विंडोज सी मध्ये बसतं. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलीही सी मध्येच असतात, म्हणून सी पुसलं की त्या जातात. डी पुसलं जात नाही, पण घर एकच आहे. भिंत खचली तर दोन्ही खोल्यांना धोका. आणि "सगळी पार्टिशन उडवतो" म्हणजे दोन्ही खोल्या रिकाम्या.

तो मुलगा समजूतदार होता. त्यानं लिनक्स असलेला पेन ड्राइव्ह लावला. लिनक्स ही विंडोजसारखीच एक प्रणाली आहे, फुकट मिळते. ती डिस्कवर न टाकता थेट पेन ड्राइव्हवरून चालवता येते. कॉम्प्युटर तसा सुरू झाला आणि डी उघडला. मग आम्ही बाहेरची डिस्क जोडली आणि सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी काढल्या. पहिल्यांदा कर्जखातं, मग बचतीच्या नोंदी, मग ठराव. कार्यक्रमांचे फोटो आणि व्हिडिओ शेवटी. एखाद्या फायलीवर गाडी अडली की ती सोडून पुढे जायचं, तिच्याशी झटत बसायचं नाही.

जवळजवळ सगळं निघालं. दोन महिन्यांच्या फायली मात्र उघडल्याच नाहीत. ते आकडे आम्ही कागदी रजिस्टर आणि सदस्यांची पासबुकं समोर ठेवून पुन्हा भरले. चार दुपारी गेल्या. एका ताईंनी भरलेला १,२०० रुपयांचा हप्ता रजिस्टरमध्ये उतरलाच नव्हता, तो त्यांच्या पासबुकात सापडला. पासबुक नसतं तर त्या माउलीला तेच पैसे दुसऱ्यांदा भरायची वेळ आली असती. म्हणून म्हणतो, हा नुसत्या मशीनचा प्रश्न नाही. बाई आठवड्याला वीस-पन्नास रुपये बाजूला काढते आणि आपल्या नोंदीवर विश्वास ठेवते, त्या विश्वासाचा आहे.

आता तुमच्याकडे असं झालं तर क्रमानं काय करायचं, ते वहीत लिहून घ्या.

पहिलं, काम कुठे अडकलं आणि पडद्यावर काय लिहून आलं, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दुरुस्ती करणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

दुसरं, कान द्या. डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर लगेच मशीन बंद करा. काही कॉपी करायलाही जाऊ नका. माहिती फार मोलाची असेल तर माहिती परत काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच डिस्क द्या. तो खर्च मोठा असतो, म्हणून आधी दर विचारा.

तिसरं, आवाज नसेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून बघा. तो नीट चालला आणि डिस्कमधल्या फायली उघडताना मात्र अडखळला, तर संशय डिस्कवर जातो. पेन ड्राइव्हवरूनही मशीन मध्येच बंद पडत असेल तर दोष मेमरीचा, म्हणजे रॅमचा, किंवा वीजपुरवठ्याचा असू शकतो.

चौथं, फायली बाहेर काढा. कॉपी नेहमी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर करायची, त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात नाही. कॉपी झाली की चार-पाच फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नाव दिसतं म्हणजे फाइल धड आहे असं नाही.

पाचवं, हे झाल्यावरच तपासणी. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्समधल्या डिस्क्स नावाच्या प्रोग्राममध्ये ती दिसते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पेंडिंग सेक्टर आणि रिॲलोकेटेड सेक्टर हे आकडे शून्य असावेत. ते वाढत चालले असतील तर डिस्क बदलायची. पण निळा रंग दिसला म्हणून गाफील राहू नका. काही डिस्क इशारा न देताही जातात.

सहावं, डिस्क चांगली दिसली तर साध्या गोष्टी बघा. विंडोजचा पेन ड्राइव्हच खराब असू शकतो. तो दुसरा करून घ्या, दुसऱ्या खाचेत लावा. डिस्कला जोडणारी केबल सैल किंवा जुनी असू शकते. मशीन बंद करून, प्लग काढून ती नवी लावून घ्या. केबल स्वस्तात मिळते. कधी कधी सगळं दुखणं तिचंच असतं.

आणखी एक. चेकडिस्क नावाची विंडोजची तपासणी पुष्कळ जण सुचवतात. माहिती बाहेर काढायच्या आधी आजारी डिस्कवर ती चालवू देऊ नका. ती तासन् तास डिस्कला राबवते आणि दुरुस्ती करताना फायलींची मोडतोडही होऊ शकते.

मैत्रिणींनो, दुरुस्तीवाल्याला विचारायला लाजू नका. चारच प्रश्न आहेत. दादा, माझ्या फायली आधी काढल्या का? त्या मला उघडून दाखवता का? डिस्कची तब्येत तपासली का? जुनी डिस्क मला परत मिळणार ना? शेवटचा प्रश्न विसरू नका. त्या डिस्कमध्ये बायांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि बँक खात्यांचे नंबर असतात. ती भंगारात किंवा बदल्यात द्यायची नाही. काम संपल्यावर तबकड्यांना भोकं पाडून ती निकामी करून घ्या. मात्र वॉरंटी बाकी आहे का, ते आधी पावतीवर बघा.

नवी डिस्क घेताना एसएसडी घ्या असं बरेच जण सांगतात, ते बरोबर आहे. तिच्यात फिरणारं काही नसतं, धक्का सोसते, आणि जुना कॉम्प्युटरही चटकन सुरू होतो. पण तीही अमर नाही. ती जाताना आवाजसुद्धा करत नाही. म्हणून यूपीएस लावा, आणि नोंदी एकाच जागी ठेवू नका.

साधा नियम आहे. प्रत्येक हिशेबाच्या तीन प्रती. एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावात किंवा इंटरनेटवरच्या खात्यात. बाहेरची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवायची नाही. कॉपी झाली की काढून कपाटात. आणि कागदी रजिस्टर बंद करायचं नाही. बियाणं आपण सगळं एका मडक्यात ठेवत नाही, ही समज आपल्या घरात आधीपासून आहे.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत एवढा एक विषय घ्या. कॉपी काढायची तारीख ठरवा, जबाबदारी दोन ताईंवर द्या, आणि ठरावाच्या वहीत लिहा. दर महिन्याला हप्ते वसूल झाले की त्याच दिवशी कॉपी. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या कॉम्प्युटरच्या आणखी अडचणी असतील तर त्या गटाच्या नावानिशी केंद्रावर कळवा. पुढच्या भागात त्या घेऊ. नमस्कार.