मांडुळाला तोंड एकच

‘मांडूळ विकायला आलेले जेरबंद’ ही बातमी ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी कितीदा तरी वाचली असेल. पोलिसांचा सापळा, मांडुळाचं वजन, लाखांतली किंमत, सगळं तिच्यात असतं. ते मांडूळ जगतं कसं, हे मात्र नसतं.

मांडूळ मुळात कोरड्या माळरानातलं, भुसभुशीत जमिनीतलं. आपल्या शहरांत ते येतं ते बहुधा पिशवीत घालून. हा साप पूर्ण बिनविषारी. मुस्कट नांगराच्या फाळासारखं, त्यानं माती सारत ते आत शिरतं. डोळे बारीक, बाहुली उभी. दिवस मातीखाली किंवा उंदरांच्या बिळात काढायचा आणि रात्री शिकारीला निघायचं. उंदीर सापडला की वेढे घालून आवळायचा, मग गिळायचा. मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. पिल्लांच्या शेपटीकडे काळे पट्टे असतात, ते वयाबरोबर पुसट होत जातात.

आणि ती शेपटी! आखूड, बोथट, डोक्याइतकीच जाड. धोका दिसला की मांडूळ डोकं वेटोळ्याखाली दडवतं आणि शेपटी वर उचलतं. हल्ला शेपटीवर होतो, डोकं वाचतं. मोठ्या मांडुळांच्या शेपटीवर म्हणूनच जुने व्रण दिसतात. जीव वाचवण्याच्या या युक्तीवरूनच आपण त्याला दुतोंड्या ठरवलं. गारुड्यांनी तर त्या शेपटीवर चिरे देऊन खोटं तोंड कोरलं.

पुढे त्याला गुप्तधन चिकटलं, पैशांचा पाऊस चिकटला, दुर्धर रोगांवरचं औषध चिकटलं. यातलं काहीही खरं नाही. तरी वजन जास्त तितका भाव जास्त, असा हा बाजार चालूच आहे. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेनं २०१६ ते २०२१ या काळातल्या बातम्या तपासल्या, तेव्हा देशभरात मांडूळ पकडल्याच्या १७२ घटना निघाल्या. त्यांतल्या ५९, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातल्या. आणि त्यांत पुण्याबरोबर ठाण्याचं नाव ठळक आहे. ही आपल्यासाठी लाजेची गोष्ट आहे. शेतातले उंदीर फुकट मारणारा जीव आपण अफवेपायी संपवतो आहोत.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. कुणी तुम्हाला मांडूळ दाखवून सौदा सुचवला, तर तिथेच नकार द्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.