दवाखान्याच्या दाराबाहेर
(संस्थेच्या वार्षिक समारंभात आंबिवली येथे केलेले भाषण)



आंबिवलीहून कल्याण दोन स्टेशनांवर. तरीही काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे दहा महिन्यांचे मूल जुलाबाने दगावले. जुलाबात पाणी पाजू नये, असे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मी शिकलासवरलेला माणूस गप्प राहिलो. मूल कल्याणला डॉक्टरांपुढे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून आज मी जामखेडविषयी बोलणार आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील या दुष्काळी भागात नफा न घेणारा आरोग्य प्रकल्प सुरू केला. रुग्णालय काढले, शस्त्रक्रिया होऊ लागल्या. पण मुले आजारी पडत ती गावात, गढूळ पाण्याने आणि अर्धपोटी राहिल्याने. तेव्हा विंधनविहिरींचे कामही डॉक्टरांनी अंगावर घेतले. गावोगाव परिचारिका ठेवून पाहिल्या. परक्या गावी त्या रमेनात. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात जाऊन वापरीत: मुलाचे वजन घेणे, स्वच्छ बाळंतपण, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे. ज्यांच्या हातचे पाणी पूर्वी चालत नसे, त्यांनाच पुढे बाळंतिणीपाशी बोलावणे येऊ लागले. मला विचाराल तर, मोठमोठ्या शस्त्रक्रियांपेक्षा ही गोष्ट अवघड.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ याच वाटेवरच्या. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले.

आमच्या शेजारच्या मुलाला काय हवे होते? एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट, पुन्हा पुन्हा, आणि आईचे दूध चालू. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, की मात्र घरी न थांबता रुग्णालय गाठायचे.

नववी-दहावीच्या मुलींना हे तासाभरात शिकवता येईल. रविवारी शाळेचे वर्ग रिकामे असतात. वस्तीतील आयांनी मुलांना घेऊन तिथे यावे. वजनाचा काटा मी देतो. मुख्याध्यापकांनी किल्ली कोणाकडे ठेवायची तेवढे आजच सांगावे.