पडद्यामागचं गाणं
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)

"तू नक्की करतोस तरी काय?" असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मैफल चालू असताना कलाकारामागच्या पडद्यावर जी चित्रं हलतात, ती त्याच क्षणी तयार करणं हे माझं काम. आधी चित्रित केलेलं त्यात काहीच नसतं.

साधा कॅमेरा रंग आणि उजेड टिपतो. माझा कॅमेरा अंतर मोजतो. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ गेमसाठी 'किनेक्ट' बाजारात आणला. तो समोर इन्फ्रारेड ठिपके टाकतो, जे आपल्याला दिसत नाहीत. ते किती सरकले यावरून कोणती वस्तू किती दूर आहे हे तो सेकंदाला ३० वेळा काढतो. म्हणून अंधाऱ्या रंगमंचावरही त्याला नर्तकीचा हात सापडतो. कडक उन्हात मात्र त्याचं काही चालत नाही. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं; पण बाहेरच्या हौशी प्रोग्रामरांनी तो संगणकाला जोडणारी मुक्त प्रणाली पहिल्याच महिन्यात लिहिली होती. त्यामुळे जुने कॅमेरे आजही कामाला येतात.

ही अंतरं 'प्रोसेसिंग' किंवा 'टचडिझायनर'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. तिथे मी नियम घालून देतो: दोन मीटरपलीकडचं सगळं पुसून टाक, हात वर गेला की ठिपके उधळ, खर्जाचा आवाज वाढला की त्यांना खाली बसव.

खरी अडचण उशिराची. कॅमेरा, संगणक, प्रोजेक्टर, प्रत्येक जण थोडा वेळ खातो. सेकंदाचा दहावा भाग जरी गेला तरी समेवर ते खटकतं. म्हणून तबल्याची थाप मी माइककडून घेतो आणि कॅमेऱ्याकडे आलापातली हाताची संथ हालचाल सोपवतो. विलंबित ख्यालाला तर पडदा जवळजवळ काळाच ठेवतो. लोक गाणं ऐकायला आलेले असतात.

आता मुद्द्याचं. संगीताची खोली मोडून तिथे संगणक कक्ष वाढवावा, अशी सूचना आज आली आहे. संगणकावर पोट भरणारा मी त्या सूचनेला विरोध करतो. माझं सॉफ्टवेअर स्वतः एक सूरही लावत नाही. समोर कोणी गाणारं, नाचणारं नसेल तर पडदा काळाच राहतो. संगणक जरूर घ्या, पण पेटी-तबला आहे तिथेच राहू द्या. त्याच खोलीसाठी एक कॅमेरा आणि जुना प्रोजेक्टर मी देतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांना शिकवायलाही येतो.