इंटरनेटवरील स्त्रीवाद : पश्चिमेला त्याची गरज उरली आहे काय?



आजचा विषय जाहीर झाला, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो बाई, विलायतेतल्या बायका आपापल्या फोनवर काय लिहितात, याची पंचाईत आपल्याला कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले ते १८८९ साली, आणि त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीचा स्वतंत्र विचार केला. त्या वेळी खुद्द अमेरिकन स्त्रीला देशभर मताचा अधिकार नव्हता. राज्यघटनेने तो दिला १९२० साली. तेव्हा पश्चिमेतल्या बायकांचे कसे चालले आहे, हे विचारण्याची आपली चाल जुनी आहे. दुसरे कारण घरचे आहे. ते शेवटी सांगेन.

या स्त्रीवादावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. ते घेणारे सगळेच स्त्रियांचे शत्रू असतात असे नाही. कित्येक तर स्त्रियाच असतात. म्हणून आधी त्यांचे ऐकले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, मत मिळाले, शिक्षण मिळाले, नोकरी मिळाली. पाश्चात्त्य स्त्रीला आता मिळवायचे उरले काय? येथे थोड्या सनावळीची आठवण करून देणे भाग आहे. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी करण्याचा आणि स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडण्याचा अधिकार मिळाला १९६५ साली. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले १९७१ साली. नवऱ्याने केलेला बलात्कार हाही बलात्कारच, हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले १९९१ साली. म्हणजे या गोष्टी पणजीच्या काळातल्या नव्हेत. आज तिकडे कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या आया-आज्यांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. शिवाय मिळालेले टिकतेच, असेही नाही. गर्भपाताचा जो घटनात्मक अधिकार अमेरिकन स्त्रीला १९७३ साली न्यायालयाने दिला, तो त्याच न्यायालयाने २०२२ साली काढून घेतला. तेव्हा काम संपले, हे म्हणणे घाईचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे. तो म्हणतो की, काम उरले असेल. पण फोनवर चार ओळी लिहिणे म्हणजे काम नव्हे. पूर्वीच्या स्त्रिया तुरुंगात गेल्या, उपोषणे केली. या घरबसल्या बोट चालवितात.

यावर एक हकीकत सांगते. २०१७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हाइड पार्कमध्ये संगीताचा जलसा चालू होता. जीना मार्टिन नावाची तरुणी तेथे उभी असता एका पुरुषाने तिच्या स्कर्टखाली फोन नेऊन छायाचित्र काढले. तिने तो फोन हिसकावला आणि पोलिसांपर्यंत पोचवला. पोलिसांनी सांगितले की, फारसे काही करता येण्याजोगे नाही. कारण या कृत्याला नेमका लागू पडेल असा स्वतंत्र गुन्हा इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात नव्हता. स्कॉटलंडच्या कायद्यात मात्र होता! या बाईने घडलेला प्रकार इंटरनेटवर लिहिला, अर्ज मांडला, सह्या जमविल्या. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. एक वकील विनामूल्य मदतीला आला. पार्लमेंटातील एका स्त्री-सभासदाने विधेयक आणले. जून २०१८ मध्ये एका सभासदाने नुसते 'हरकत' म्हणून ते अडवले. ओरड झाली, सरकारने विधेयक स्वतः हाती घेतले आणि एप्रिल २०१९ पासून हा गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरला.

आता यात श्रेय कोणाचे? नुसत्या सह्यांनी कायदा झाला नसता, हे उघड आहे. परंतु सह्या नसत्या तर पार्लमेंटाने एका अनोळखी मुलीची दाद घेतली असती काय? मला तरी तसे वाटत नाही. पूर्वी हे काम पत्रके आणि कोपरासभा करीत. साधन बदलले आहे. साधनाच्या मागे कष्ट लागतात ते तसेच लागतात.

'मी टू' या शब्दांचीही गोष्ट अशीच आहे. ते २०१७ साली सिनेनटींनी काढले, अशी समजूत आहे. वस्तुतः तराना बर्क ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती २००६ पासून ते शब्द वापरीत होती; अत्याचार सोसलेल्या गरीब वस्त्यांतील मुलींसाठी तिचे काम चालले होते. अकरा वर्षे जगाने ऐकले नाही. नटी बोलल्यावर ऐकले. गोऱ्या, सुखवस्तू स्त्रियांचे दुःख लवकर ऐकू येते, ही तक्रार या चळवळीतल्याच स्त्रियांनी केली आहे, आणि ती खरी आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. न्यायाधीश नाही, साक्षीपुरावा नाही आणि माणसाची अब्रू मात्र एका रात्रीत जाते. फ्रान्समध्ये सांद्रा म्युलेर या पत्रकार स्त्रीने २०१७ साली अशीच मोहीम सुरू केली आणि एका माध्यम-अधिकाऱ्याचे नाव घेतले. आपण अनुचित बोललो, हे त्याने कबूल केले. पण तो छळ नव्हे, असे म्हणून तो कोर्टात गेला. २०१९ साली निकाल त्याच्या बाजूने लागून बाईंना पंधरा हजार युरो भरपाई ठोठावण्यात आली. २०२१ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण तिने सद्हेतूने लिहिले, असे त्यास वाटले. दोन न्यायालयांचे दोन निकाल पडले, यावरूनच प्रश्न किती बिकट आहे ते दिसते. मला म्हणायचे एवढेच की, तक्रार ऐकणारी कचेरी जिथे कान झाकून बसते, तिथे लोक चव्हाट्यावर जातात. चव्हाटा नको असेल, तर कचेरी सुधारली पाहिजे.

आणि चव्हाट्याची झळ स्त्रियांनाही लागते. इंग्लंडच्या नोटांवर एखाद्या स्त्रीचे चित्र असावे, एवढी साधी मागणी कॅरोलिन क्रियाडो पेरेझ हिने २०१३ साली केली, तेव्हा तिला बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. २०१४ साली त्यापायी दोघांना तुरुंगवास झाला. त्यांत एक स्त्री होती! जेन ऑस्टिनची नोट २०१७ साली चलनात आली.

आता घरचे कारण. माझी भाची इंग्लंडात नोकरी करते. तिचा वरिष्ठ तिला नको ते बोले. दोन वर्षे ती समजून चालली की, आपल्याच वागण्यात काही खोट असावी. २०१७ च्या हिवाळ्यात तिने इतरांचे अनुभव वाचले आणि मला फोन करून म्हणाली, "मावशी, हे सगळ्यांना होतं गं!" तिने लेखी तक्रार केली. तिच्या लिहिण्याला इंटरनेटवर शाबासकी देणाऱ्या दोन मैत्रिणी त्याच कचेरीत होत्या. साक्षीला बोलावल्यावर दोघींनी अंग काढून घेतले. शेवटी तिच्याशेजारी बसला तो कामगार संघटनेचा एक प्रौढ प्रतिनिधी. निकाल अर्धामुर्धाच लागला. वरिष्ठाला लेखी ताकीद मिळाली, हिने खाते बदलून घेतले.

मी त्या मैत्रिणींना दोष देत नाही. घरभाडे त्यांनाही भरायचे होते. परंतु या एका प्रसंगात मला माझे उत्तर मिळाले. आपण एकटी नाही, हे तिला इंटरनेटने सांगितले, आणि ते सांगणारे दुसरे कोणी तिच्याजवळ नव्हते. म्हणून त्याची गरज आहे, असे मी म्हणते. मात्र चौकशीच्या खोलीत शेजारी बसायला हाडामांसाचे माणूस लागते, आणि ते संघटनेतून, शेजारातून, घरातून यावे लागते.

तेव्हा उद्या तुमची लेक किंवा सून असे काही सांगू लागली, तर "फोनवर वाचून डोक्यात भरलंय" असे म्हणण्यापूर्वी तिचे बोलणे पुरते ऐकून घ्या, एवढीच माझी विनंती.